पाण्यावरची नक्षी कापडावर उतरविण्यापूर्वी

जुन्या पद्धतीच्या जाड हिशेबवहीचा पुठ्ठा ज्यांनी पाहिला असेल, त्यांना एक विशिष्ट प्रकारची नक्षी आठवेल. निळ्या, तांबड्या, पिवळ्या रंगांचे ओघ एकमेकांत शिरलेले, पण एकमेकांत न मिसळलेले. कोठे मोरपिसाचा भास, तर कोठे संगमरवराच्या शिरांचा. ही नक्षी कुंचल्याने काढलेली नसते, ठशाने उठविलेलीही नसते. ती आधी पाण्याच्या पृष्ठभागावर तयार होते आणि मग कागद किंवा कापड त्या पृष्ठभागावर टेकवून अलगद उचलून घेतले जाते. या कलेला मार्बलिंग किंवा संगमरवरी छपाई असे म्हणतात.

ही कला फार जुनी आहे. जपानमध्ये बाराव्या शतकापासून साध्या पाण्यावर शाई तरंगवून कागद रंगविण्याची पद्धत चालत आली आहे. तिला ‘सुमिनागाशी’ असे नाव आहे. इराण व तुर्कस्तानात दाट केलेल्या पाण्यावर रंग सोडण्याची पद्धत विकसित झाली. फारसीत ‘अब्र’ म्हणजे ढग. त्यावरून ढगांसारखी नक्षी असलेल्या कागदाला ‘अब्री’ म्हणू लागले आणि हिंदी-उर्दूतील ‘अबरी’ हा शब्द तेथूनच आला. तुर्कस्तानातील ‘एब्रू’ या कलेचा समावेश युनेस्कोने २०१४ साली मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. दख्खनशीही या कलेचे नाते आहे. सतराव्या शतकात विजापूरच्या चित्रकारांनी माणसांच्या व प्राण्यांच्या आकृतीच या नक्षीने भरल्या. चित्राचा जो भाग कोरा राहावयास हवा तो झाकून ठेवीत आणि उरलेल्या भागावर रंग उतरवून घेत. एका मरतुकड्या घोड्याचे व त्याच्या हाडकुळ्या स्वाराचे असे चित्र आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन वस्तुसंग्रहालयात आहे.

कागदासाठी जन्मलेली ही कला कापडावरही उतरते. हातरुमाल, उशीचे अभ्रे, ओढण्या, पिशव्या यांवर ती फार शोभून दिसते. घरच्या घरी ती करता येते, आणि चांगली जमली तर तिला गिऱ्हाईकही मिळते. मात्र प्रथमच हे काम करणारी व्यक्ती बहुधा एकाच गोष्टीने निराश होते. पाण्यावर नक्षी सुंदर दिसते, कापडावरही ती उतरते, आणि धुताना सगळा रंग पाण्याबरोबर वाहून जातो. कधी रंग तरंगतच नाहीत, तळाशी बसतात. अशा वेळी आपल्या हातात कला नाही, असा समज करून साहित्य माळ्यावर टाकले जाते. खरे पाहता प्रत्यक्ष छपाईला पाच-दहा मिनिटे लागतात, तर तयारीला दोन दिवस. आणि बहुतेक अपयशाचे मूळ त्या दोन दिवसांत असते. कोणती वस्तू घरातली चालते, कोणती विकतच आणावी लागते आणि कोणत्या वस्तूत काटकसर केली असता कापड वाया जाते, हे आधी कळले तर खर्च पुष्कळच वाचतो.

सुरुवात आकारापासून करणे शहाणपणाचे ठरते, कारण बाकी सर्व साहित्याचे प्रमाण त्यावरून ठरते. कापड पसरून टेकवावयाचे असल्यामुळे ट्रे कापडापेक्षा चारी बाजूंनी थोडा मोठा हवा आणि त्यात सुमारे ३ सेंटिमीटर खोलीचे पाणी हवे. हातरुमालासाठी ३५ सेंटिमीटर लांबी-रुंदीचा ट्रे घेतला, तर ३५ × ३५ × ३ म्हणजे ३,६७५ घन सेंटिमीटर, अर्थात पावणेचार लिटरांच्या आत पाणी पुरते. आता हाच हिशेब साडीला लावून पाहावा. साडेपाच मीटर लांब आणि सुमारे १.२ मीटर रुंद अशी साडी एकसंध छापावयाची तर जवळजवळ २०० लिटर पाणी दाट करावे लागेल, आणि तेवढ्या पाण्यासाठी लागणारी पूड एक किलोच्या घरात जाईल. साडीवर मार्बलिंग होतच नाही असे नाही. पण ते कारखान्याचे काम आहे, स्वयंपाकघराच्या ओट्यावरचे नव्हे. पहिले काही महिने हातरुमालाच्या आकारावरच काढावेत.

ट्रे विकत आणण्याची गरज नसते. पसरट, पांढरा प्लास्टिकचा ट्रे असल्यास उत्तमच. तो नसेल तर सपाट जमिनीवर चार विटा किंवा चार फळ्या चौकटीसारख्या मांडून त्यांवर जाड प्लास्टिकचा कागद अंथरावा. कडा विटांवरून बाहेर घेतल्या की उथळ हौद तयार होतो. प्लास्टिक पारदर्शक असेल तर खाली पांढरा कागद घालावा, म्हणजे रंग नीट दिसतात. प्लास्टिकला चुण्या पडू देऊ नयेत, कारण चुणीत अडकलेली हवा पुढे बुडबुड्याच्या रूपाने नक्षीत येते. जमीन समतल आहे की नाही हे पाहण्यासाठी अर्धी भरलेली चपटी बाटली आडवी ठेवून आतील पाण्याची रेषा पाहिली तरी पुरे.

आता खऱ्या अडचणीच्या साहित्याकडे वळावे लागते. साध्या पाण्यावर रंग सोडला तर तो तरंगला तरी स्थिर राहत नाही. वाऱ्याच्या झुळकेनेही नक्षी विस्कटते. म्हणून पाणी दाट करावे लागते. दाटपणामुळे रंग पृष्ठभागावर पसरतो, पण काडीने ओढलेली रेघ जेथल्या तेथे राहते. या पाण्याची सायीशी तुलना करता येत नाही. चांगल्या दाट ताकाशी करता येते. ताकापेक्षा पातळ झाले तर काढलेली रेघ हळूहळू परत फिरते व नक्षी वाकडी होते. फार घट्ट झाले तर फणीबरोबर पाणीच ओढले जाते आणि रंगाच्या कडा दातेरी होतात.

पाणी दाट करण्यासाठी आज सर्वाधिक वापरली जाते ती कॅरागीनन नावाची पूड. समुद्रातील लाल शेवाळापासून ती तयार करतात. आइस्क्रीमसारख्या खाद्यपदार्थांतही ती घालतात. एक लिटर पाण्यास सुमारे ५ ग्रॅम पूड हे सर्वसाधारण प्रमाण आहे. वरच्या हातरुमालाच्या ट्रेला म्हणजे १८ ते २० ग्रॅम पुरतील. मात्र विकत घेताना एक काळजी घ्यावी. कॅरागीननचे अनेक प्रकार असतात. त्यांतील काही थिजून जेलीसारखे घट्ट होतात. ते या कामास निरुपयोगी. मार्बलिंगसाठी म्हणून विकली जाणारी, न थिजता नुसते दाट होणारी पूड मागावी. ती कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. कलासाहित्याच्या मोठ्या दुकानातून किंवा टपालाने मागवावी लागते. म्हणूनच साहित्याच्या यादीत तिचा क्रमांक पहिला हवा. रंग आणि कापड आणून ठेवले आणि पूड पंधरा दिवसांनी आली, तर तोवर उत्साह मावळतो, आणि तुरटीत भिजवून ठेवलेले कापडही खराब होते. त्याचे कारण पुढे येईलच.

पूड पाण्यात घालण्याची रीत महत्त्वाची आहे. सगळी एकदम टाकली तर पिठल्यात पडाव्यात तशा गुठळ्या पडतात. मिक्सरच्या भांड्यात थोडे कोमट पाणी घेऊन, भांडे फिरत असताना चिमटी-चिमटीने पूड सोडावी व नंतर उरलेले पाणी मिसळावे. असे घुसळलेले पाणी बुडबुड्यांनी भरलेले असते. ते झाकून निदान बारा तास, शक्य तर रात्रभर व पुढील सकाळ, स्वस्थ ठेवावे लागते. थंड जागी ठेवल्यास ते काही दिवस टिकते. उन्हाळ्यात मात्र दुसऱ्याच दिवशी त्याला वास येऊ लागतो. शीतकपाटात ठेवले असेल तर छपाईपूर्वी बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे. थंडगार पाण्यावर रंग नीट पसरत नाहीत.

कॅरागीनन मिळालीच नाही तर मिथाइल सेल्युलोज हा पर्याय आहे. ते वनस्पतींच्या तंतूंपासून तयार होते आणि त्याचे दाट पाणी अनेक आठवडे नासत नाही, हा त्याचा मोठा गुण. रेषांचा नाजूकपणा मात्र कॅरागीननइतका साधत नाही. त्याचा स्वभावही स्वयंपाकघरातील अनुभवाच्या अगदी उलट आहे. गरम पाण्यात ते विरघळत नाही, नुसते ओले होऊन सुटे-सुटे पसरते. विरघळते ते थंड पाण्यात. म्हणून आधी थोड्या गरम पाण्यात पूड कालवून मग थंड पाणी ओतले की गुठळ्या होत नाहीत. प्रमाण पुडीच्या जातीनुसार बदलते, तेव्हा पाकिटावरील सूचना पाहणे भाग आहे.

तुर्की कारागीर परंपरेने ट्रॅगाकांथ नावाचा डिंक दोन-तीन दिवस भिजवून, कापडातून गाळून वापरीत. मेथी, जवस, इसबगोल यांसारख्या बियांचा बुळबुळीत चीकही निरनिराळ्या ठिकाणी या कामी आणला गेला आहे. हे वाचून घरातील गोंद कतीरा वापरून पाहण्याचा मोह होतो. तो वापरून पाहण्यास हरकत नाही. परंतु भारतात या नावाने मिळणारा डिंक अनेकदा कांडोळासारख्या निराळ्या झाडांचा असतो. त्यामुळे तुर्की कृतीतील प्रमाण त्याला जसेच्या तसे लागू पडत नाही. भिजवून, फडक्यातून दोनदा गाळून, ताकासारखा दाटपणा येईपर्यंत पाणी वाढवीत जाणे एवढेच हाती राहते. पहिल्याच प्रयत्नात असा प्रयोग करू नये. काही बिघडले तर दोष डिंकाचा, रंगाचा की तुरटीचा, हे ओळखता येत नाही.

ज्या वस्तूकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते ती म्हणजे साधे पाणी. विंधन विहिरीचे पाणी अनेक गावांत व शहरांत जड असते. साबणाला फेस न येणे ही त्याची घरगुती खूण. अशा पाण्यातील चुन्याचे क्षार कॅरागीननच्या दाटपणात बिघाड करतात व रंगांच्या कडा फाटल्यासारख्या दिसतात. पावसाचे स्वच्छ पाणी साठविता आले तर त्यासारखे दुसरे नाही. घरात पाणी शुद्ध करण्याचे आर. ओ. यंत्र असेल तर त्याचे पाणी चालते. यांपैकी काहीच नसेल तर पाणी उकळून, थंड करून, तळाशी बसलेला थर सोडून वरचे घ्यावे. सगळा जडपणा जात नाही, पण काही भाग कमी होतो. हा त्रास केवळ दाट पाण्यासाठी घ्यावयाचा आहे. कापड धुण्यास नळाचे कोणतेही पाणी चालते.

यानंतर तुरटी. या साऱ्या साहित्यात सर्वांत स्वस्त वस्तू हीच, आणि हिच्यावाचून काम अडते. रंगाचे कण आणि कापडाचे तंतू यांना एकमेकांची ओढ नसते. तुरटीतील अॅल्युमिनियम तंतूंना चिकटून बसते आणि रंगाचा कण कापडाला टेकताक्षणीच त्याला धरून ठेवते. धुताना सगळा रंग वाहून जाण्याची जी तक्रार सुरुवातीला आली, तिचे उत्तर बहुतेक वेळा या एका वस्तूत असते. रंगारी ज्याला रंगबंधक म्हणतात त्याचेच काम येथे तुरटी करते. किराणा दुकानात मिळणारा स्वच्छ, पांढरा, पारदर्शक खडा घ्यावा. पिवळसर किंवा तांबूस झाक असलेला घेऊ नये. ती झाक बहुधा लोहाची असते आणि लोहामुळे रंग मळकट होतात. त्याच कारणासाठी तुरटीचे पाणी लोखंडी घमेल्यात करू नये. अॅल्युमिनियमचे पातेलेही टाळावे, कारण तुरटीचे पाणी आम्लधर्मी असते. प्लास्टिकची बादली सर्वांत सोयीची.

एक लिटर गरम पाण्यास १५ ते २० ग्रॅम तुरटीची पूड, म्हणजे साधारण एक मोठा सपाट चमचा, हे प्रमाण पुरते. पूर्ण विरघळली की पाणी निवू द्यावे आणि कापड त्यात पंधरा-वीस मिनिटे सर्व बाजूंनी भिजेल असे बुडवून ठेवावे. नंतर न धुता, हलकेच निथळून, दोरीवर सपाट वाळत घालावे. दोरीवर दुमडून टाकले तर घडीच्या जागी तुरटी जास्त साचते आणि छपाईत तेथे पट्टा उमटतो. म्हणून कडेला चिमटे लावून टांगणे बरे. प्रमाण वाढविले तर रंग अधिक पक्का बसेल, ही समजूत चुकीची आहे. जादा तुरटी कापडावर बारीक स्फटिकांच्या रूपाने राहते, ते स्फटिक दाट पाण्यात गळून पडतात आणि पाणी खराब करतात.

वाळलेल्या कापडाला सुरकुती राहिली तर तेथे रंग पोहोचत नाही, म्हणून इस्त्री करावीच लागते. पण ती कोमट असावी. तुरटी व कडक उष्णता यांच्या एकत्र परिणामाने सुताचे तंतू जळतात. नुसते ठेवून दिले तरी तुरटीचे कापड हळूहळू कुजत जाते. म्हणून तुरटी लावलेले कापड आठवड्याच्या आत वापरून, छापून, धुऊन टाकावे. मोठा गठ्ठा एकदम तयार करून ठेवण्याची कल्पना काटकसरीची वाटते, पण दोन महिन्यांनी त्यातील एखादा रुमाल हातात घेताच फाटतो.

कापड निवडताना नैसर्गिक धाग्याचे घ्यावे. रेशमावर नक्षी सर्वांत झळाळते, परंतु शिकताना रेशीम वापरणे म्हणजे पैसे पाण्यात घालणेच होय. मलमल स्वस्त व एकसारख्या विणीची असते. मांजरपाटही चालतो, मात्र त्याची वीण जाडसर असल्याने बारीक रेषा पुसट होतात. कोणतेही नवे कापड आणले की त्यावर गिरणीतील खळ असते. ती निघाल्याशिवाय तुरटी आत शिरत नाही. गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून कापड धुवावे व पुष्कळ पाण्यात खळबळून काढावे. कापड मऊ करणारे सुगंधी द्रव या वेळी वापरू नयेत. जुनी, अनेकदा धुतलेली पांढरी सुती चादर घरात असेल तर सरावाला तिच्याइतके चांगले कापड नाही. तिच्यातील खळ केव्हाच गेलेली असते आणि तुकडा बिघडला तरी वाईट वाटत नाही.

रंगांच्या बाबतीत बाजारात गोंधळ फार. कापडावर रंगविण्यासाठी लहान बाटल्यांत मिळणारे अॅक्रिलिक रंग, ज्यांना दुकानदार फॅब्रिक कलर म्हणतात, ते या कामास योग्य ठरतात. पोस्टर कलर पाण्यात विरघळतात आणि वाळल्यावरही धुतले की निघून जातात. होळीच्या रंगांचेही तसेच. शाळेच्या हस्तकला वर्गात तैलरंगात टर्पेंटाइन घालून ते साध्या पाण्यावर सोडल्याचे काहींना आठवत असेल. कागदासाठी ती गंमत ठीक आहे. पण कापड त्याने ताठर होते, साध्या पाण्यावर बारीक नक्षी साधत नाही, आणि टर्पेंटाइन पेट घेणारे असल्याने चुलीजवळ किंवा बंद खोलीत त्याचा वापर धोक्याचा आहे.

पहिल्या खरेदीत तांबडा, पिवळा, निळा, काळा व पांढरा एवढे पाच रंग पुरेत. बाटलीतला रंग थेट पाण्यावर सोडला तर तो जड होऊन बुडतो. लहान वाटीत घेऊन, थेंबथेंब पाणी घालून, तो दुधाइतका पातळ करावा. औषधाच्या दुकानात मिळणारे ड्रॉपर प्रत्येक रंगाला एक, असे घ्यावेत. एकच ड्रॉपर धुऊन धुऊन वापरण्याचा कंटाळा येतो आणि चौथ्या रंगाला तो न धुताच बुडविला जातो.

येथे एक छोटी वाटी फार मोठे काम करते. ट्रे भरण्यापूर्वी त्याच दाट पाण्याने एक पांढरी वाटी भरून घ्यावी व प्रत्येक रंगाचा एकेक थेंब तिच्यात टाकून पाहावा. थेंब पसरून पाण्यावर गोल चकती झाली तर रंग तयार आहे. थेंब बुडाला तर रंग आणखी पातळ करावा. पातळ करूनही पसरत नसेल तर पसरविणाऱ्या द्रव्याची गरज आहे. जुने कारागीर यासाठी बैलाचे पित्त वापरीत. आता भांडी घासण्याच्या द्रवसाबणाचा एखादा थेंब थोड्या पाण्यात मिसळून, त्या पाण्याचे एक-दोन थेंब रंगात घालतात. याहून अधिक झाले की तो रंग इतरांना ढकलून सगळा पृष्ठभाग व्यापून टाकतो. एकाच दुकानातून आणलेले दोन रंगही सारखे पसरत नाहीत, हे पाहून आश्चर्य वाटू नये. जो कमी पसरतो तो आधी आणि जो जास्त पसरतो तो नंतर सोडावा.

नक्षी काढण्याची हत्यारे मात्र जवळजवळ सगळी घरातच सापडतात. खराट्यातील हीर, विणकामाची सुई, सायकलच्या चाकाचा जुना आरा यांनी रेघा ओढता येतात. खराट्याचे हीर बोटभर जाडीचे जुडगे करून बांधले की रंग शिंपडण्याचा कुंचला होतो. तो वाटीच्या काठावर आपटला की बारीक थेंब पडतात. फणी करण्यासाठी ट्रेच्या रुंदीपेक्षा किंचित आखूड अशा दोन पुठ्ठ्याच्या पट्ट्या घ्याव्यात, एका पट्टीवर एकेक सेंटिमीटरच्या अंतराने टाचण्या चिकटवाव्यात आणि दुसरी पट्टी वरून डकवावी. टाचण्यांची टोके एका ओळीत असली पाहिजेत. ही फणी ओल्याने महिन्याभरात जाते. तोपर्यंत कोणते अंतर आवडते ते कळते, मग लाकडी पट्टीत न गंजणारे खिळे ठोकून कायमची करता येते. केसांच्या जुन्या फणीचे एक सोडून एक दाते तोडले तरी लहान कामाला चालते.

वर्तमानपत्र हे या कलेतले सर्वांत उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित हत्यार म्हणावे लागेल. त्याच्या ट्रेच्या रुंदीएवढ्या, हातभर पट्ट्या आधीच कापून गठ्ठा करून ठेवाव्यात. रंग सोडण्यापूर्वी एक पट्टी पृष्ठभागावरून अलगद ओढली की धूळ, बुडबुडे आणि पाण्यावर धरलेली पातळ साय निघून येते. छपाई झाल्यावर उरलेला रंगही तिनेच उचलतात. ही साफसफाई प्रत्येक छपाईच्या आधी करावी लागते. पट्ट्या ऐन वेळी शोधू लागले तर हात रंगाने भरलेले असतात.

हातमोजे, जुने कपडे, अंथरण्यास गोणपाट किंवा प्लास्टिक, धुण्यासाठी स्वच्छ पाण्याच्या दोन बादल्या, दोरी व चिमटे एवढी तयारी ज्या-त्या घरी होतेच. मात्र आणखी एका गोष्टीची जुळणी आधी करावी, ती म्हणजे मदतीचा दुसरा माणूस. हातरुमाल एकट्याने समोरासमोरचे कोपरे धरून टेकविता येतो. त्याहून मोठे कापड चार कोपऱ्यांनी झोळीसारखे धरून, मधला भाग आधी पाण्याला लागेल आणि मग कडा खाली येतील, अशा रीतीने सोडावे लागते. घाईने सपाट टाकले तर खाली हवा अडकते आणि तेवढा भाग पांढराच राहतो. टेकलेले कापड सरकविता येत नाही. तुरटीमुळे रंग त्याच क्षणी धरला जातो. उचललेले कापड लगेच स्वच्छ पाण्यात न चोळता बुडवून काढावे, म्हणजे वरचा चिकटपणा व सैल रंग निघून जातो. ते सावलीत वाळवून, काही दिवसांनी उलट बाजूने इस्त्री केली की अॅक्रिलिक रंग पक्के होतात. तुरटी तोवर धुऊन गेलेली असल्याने आता इस्त्री गरम चालते.

या कामाला लागलेली भांडी परत स्वयंपाकघरात नेऊ नयेत. बादली, वाट्या, चमचा, गाळण्याचे फडके यांवर नेलपॉलिशने ठळक खूण करून ती वेगळ्या खोक्यात ठेवावीत. मिक्सरच्या भांड्यात फक्त पाणी आणि कॅरागीनन घातली असेल तर ते धुऊन वापरता येईल; रंग वा तुरटी त्यात कधीही घालू नये. तुरटीची पूड करताना ती नाकातोंडात जाते, तेव्हा नाकावर रुमाल बांधावा. उरलेले दाट पाणी विहिरीत, तळ्यात किंवा ओढ्यात ओतू नये. अॅक्रिलिक रंग हा एक प्रकारचा प्लास्टिकच आहे, तो पाण्यात नाहीसा होत नाही. वर्तमानपत्राच्या पट्ट्यांनी रंग उचलून घ्यावा आणि त्या पट्ट्या वाळवून कचऱ्यात टाकाव्यात.

ज्यांना या कलेतून चार पैसे मिळवावयाचे आहेत त्यांनी मागणी स्वीकारण्याआधी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पाण्यावरची नक्षी एकाच कापडावर उतरते. तिची दुसरी प्रत निघत नाही. तेच रंग, तीच फणी, तोच हात असूनही दुसरा रुमाल पहिल्यासारखा होत नाही. पन्नास एकसारख्या पिशव्यांची मागणी आली आणि ती तशीच पुरी करण्याचे वचन दिले, तर साहित्याचा खर्च होतो आणि मालही परत येतो. ‘रंग हेच राहतील, नक्षी प्रत्येक नगाची निराळी असेल’ असे गिऱ्हाइकाला आधीच सांगून नमुन्याचे चार-पाच तुकडे दाखवावेत. नक्षी निराळी असणे हाच या मालाचा गुण आहे, हे गिऱ्हाइकाला पटले तर किंमतही बरी येते.

त्यासाठी शेवटची वस्तू लागते, ती एक साधी वही. तिच्यात प्रत्येक छपाईची तारीख, किती पाण्यात किती पूड, पाणी कोठले, तुरटीचे वजन, कापड तुरटीत केव्हा भिजविले, प्रत्येक रंगात किती थेंब पाणी घातले आणि या सर्वांना किती रुपये लागले याची नोंद करावी, व त्याच कापडाचा दोन बोटे रुंदीचा तुकडा शेजारी टाचून ठेवावा. बिघडलेल्या कापडाचा तुकडाही टाचावा. पुढच्या वेळी निळा रंग बुडू लागला की पाने मागे उलटून पाहता येते, मागच्या उन्हाळ्यात तो का तरंगला होता.